एकाच ॲकॉर्डियनमधून अनेक वाद्ये घरी कशी मुद्रित करावीत

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी दोन पेट्या, म्हणजे हार्मोनियम, आणि एक ॲकॉर्डियन आहे. ॲकॉर्डियन वडिलांचे, गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्राच्या दिवसांतले. ते माळ्यावरून खाली काढून, दुरुस्त करून आणि त्यात थोडी इलेक्ट्रॉनिक भर घालून मी घरीच ध्वनिमुद्रण करू लागलो, तेव्हापासून ऐकणारे एकच प्रश्न विचारतात : व्हायोलिनचा ताफा, बासरी, बास आणि ॲकॉर्डियन हे सारे वाजवले कोणी? हे सारे एकाच माणसाने एकाच वाद्यावर वाजवले आहे असे सांगितल्यावर पुढचा समज ठरलेलाच असतो, की हे संगणकाने आपोआप केले असणार. प्रत्यक्षात संगणक येथे बराचसा वहीचे काम करतो आणि वाजवण्याचे काम बोटांना आणि भात्यालाच करावे लागते. हे कसे घडते, ते पेटी वाजवणाऱ्याला समजेल अशा रीतीने येथे मांडतो.

ॲकॉर्डियन हे पेटीच्याच कुळातील वाद्य आहे. हवेच्या दाबाने धातूची पातळ रीड थरथरते आणि स्वर निघतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. सिरिल डेमियन याने व्हिएन्नामध्ये १८२९ साली ‘ॲकॉर्डियन’ या नावाने पेटंट घेतले, परंतु त्याच्या त्या लहान वाद्यात आणि आजच्या वाद्यात पुष्कळ अंतर आहे. आजच्या पूर्ण आकाराच्या पियानो ॲकॉर्डियनला उजव्या हाताला ४१ पट्ट्या आणि डाव्या हाताला १२० बटणे असतात. पेटीत भाता एका हाताने मारून मधल्या कप्प्यात हवा साठवली जाते, त्यामुळे आवाज बऱ्यापैकी समान राहतो. ॲकॉर्डियनमध्ये असा साठा नसतो. भाता जेवढा दाबाल वा ताणाल तेवढाच आणि त्याच क्षणी आवाज मोठा होतो. म्हणून पट्टी जोरात दाबली काय किंवा हलकेच दाबली काय, आवाजात फरक पडत नाही. स्वराचा सगळा चढउतार भात्यात असतो. ही गोष्ट पुढे वारंवार लागणार आहे.

आता इलेक्ट्रॉनिक बाजू. भातखंडे पद्धतीने लिहिलेले एखाद्या बंदिशीचे स्वरलेखन डोळ्यांसमोर आणा. त्या कागदात आवाज नसतो; कोणता स्वर, कोणत्या मात्रेवर, किती वेळ, एवढेच असते. तो कागद गायकापुढे ठेवला तर गाणे होते, सतारियापुढे ठेवला तर गत होते. वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची मिडी ही पद्धत नेमकी अशीच आहे. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकाच तारेने जोडता यावीत म्हणून ती रूढ झाली. तारेतून आवाज जात नाही, निरोप जातात : अमुक क्रमांकाचा स्वर सुरू झाला, अमुक थांबला, भात्याचा जोर आता इतका आहे. बहुतेक मूल्ये शून्य ते १२७ या मापात असतात, आणि एका तारेतून १६ चॅनेलचे निरोप जाऊ शकतात, म्हणजे सोळा वादकांसाठी सोळा वेगळी पाने. हा कागद वाचून प्रत्यक्ष आवाज काढणारे उपकरण म्हणजे साउंड मॉड्यूल. त्याच्यात व्हायोलिन, बासरी, पियानो, तबला असे शेकडो आवाज साठवलेले असतात. १९९१ मध्ये यातील १२८ आवाजांचे क्रमांकही ठरवून दिले गेले, ज्यात ॲकॉर्डियन २२व्या क्रमांकावर आहे, आणि तालवाद्यांसाठी दहावा चॅनेल राखून ठेवला गेला.

साध्या ॲकॉर्डियनमधून हे निरोप निघावेत यासाठी पट्ट्यांच्या यंत्रणेला बारीक चुंबके आणि त्यांच्यासमोर संवेदक बसवतात. भात्याच्या आत हवेचा दाब मोजणारा आणखी एक संवेदक असतो. रीड जशाच्या तशा राहतात, त्यामुळे वाद्य एकाच वेळी खरा आवाजही देते आणि निरोपही पाठवते. दुसरा मार्ग म्हणजे रीडच नसलेले ॲकॉर्डियन. रोलँड कंपनीने २००४ मध्ये व्ही-ॲकॉर्डियन या नावाने असे वाद्य आणले, ज्याचा भाता केवळ दाब मोजण्यासाठी असतो. रात्री हेडफोन लावून सराव करणाऱ्याला ते सोयीचे आहे. माझा कल मात्र खऱ्या रीडकडे आहे, आणि तो केवळ वडिलांच्या आठवणीपोटी नाही, हे पुढे कळेल.

संवेदक बसवलेल्या वाद्यातून साधारणपणे तीन चॅनेलवर निरोप निघतात : उजव्या हाताची चाल, डाव्या हाताचे एकेरी खर्ज स्वर आणि डाव्या हाताची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर. त्यामुळे खर्ज स्वर कॉन्ट्राबासला, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील खर्जाच्या मोठ्या वाद्याला, कॉर्ड गिटारला आणि चाल बासरीला देता येते. पण डाव्या हाताची एक खोड येथे उघडी पडते. १२० बटणे दिसतात खरी, परंतु त्यांतील खर्जाची बटणे फिरून फिरून त्याच बारा स्वरांवर येतात. सप्तक निवडण्याची सोय त्यांत नसते. खऱ्या वाद्यात प्रत्येक खर्ज स्वराबरोबर वरच्या सप्तकांतील रीडही वाजतात, म्हणून हे कानाला जाणवत नाही. तीच ओळ मॉड्यूलमधील कॉन्ट्राबासवर ऐकली की चढत जाणारी चाल मध्येच एका स्वरावर धपकन खालच्या सप्तकात पडते. उपाय सोपा आहे. संगणकावर ती ओळ उघडून पडलेले स्वर बारा पायऱ्यांनी वर उचलायचे. नोंद आवाजाची नसून स्वरलेखनाची असल्यामुळे हे शक्य होते. खोडरबराने स्वर पुसून वरच्या सप्तकाचा बिंदू देण्यासारखेच ते आहे.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक भात्याच्या बाबतीत होते. मिडीमध्ये प्रत्येक चढउतारासाठी क्रमांक ठरलेले आहेत : ७ हा वाद्याच्या एकूण आवाजाचा आणि ११ हा ‘एक्स्प्रेशन’चा, म्हणजे वाजवता वाजवता होणाऱ्या लहानमोठ्या आवाजाचा. भात्याचा संवेदक बहुधा ११ क्रमांकाचे निरोप पाठवतो, आणि तेही सतत, सेकंदाला कित्येक. हे निरोप मॉड्यूलपर्यंत पोहोचले नाहीत तर व्हायोलिनचा ताफा शाळेच्या घंटेसारखा एकाच जोराने वाजत राहतो, आणि ऐकणाऱ्याला काय खटकते हे सांगता आले नाही तरी खटकते. ते पोहोचले की एका ओळीच्या शेवटी तुम्ही भाता सैल सोडता तेव्हा व्हायोलिन, बासरी आणि खऱ्या रीड एकाच श्वासाने खाली उतरतात. कीबोर्डवर वाजवून केलेल्या आणि ॲकॉर्डियनवर वाजवून केलेल्या मुद्रणातील फरक येथेच आहे, आणि एवढ्यासाठी दहा-बारा किलोचे धूड खांद्यावर घेणे मला पटते.

सगळ्याच थरांना, म्हणजे एकावर एक भरलेल्या वाद्यांच्या ओळींना, भाता द्यावा असे मात्र नाही. व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट ही श्वासाची किंवा गजाची वाद्ये आहेत. त्यांचा स्वर सुरू झाल्यावर फुलवता येतो. पियानो, गिटार, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचे वाद्य), बोटांनी छेडलेला कॉन्ट्राबास ही आघाताची किंवा छेडण्याची वाद्ये आहेत. त्यांचा स्वर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. विरणारा गिटारचा स्वर भात्यामुळे पुन्हा फुगू लागला तर कानाला तो भुताटकीसारखा वाटतो. म्हणून अशा थरांच्या चॅनेलवर ११ क्रमांकाचे निरोप गाळून टाकावेत आणि प्रत्येक स्वराच्या आघाताचा जोर संगणकावर हाताने कमीजास्त करावा, कारण बऱ्याच ॲकॉर्डियनमधून आघाताचा जोर एकाच ठरावीक आकड्याने बाहेर पडतो. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीवर ९५, चौथीवर ८० आणि उरलेल्यांवर ६० ते ७० एवढे केले तरी गिटारला चाल येते.

आता सुरांची गोष्ट, जिने माझी एक अख्खी रात्र खाल्ली. ॲकॉर्डियनची रीड घासून सुरात आणलेली असते. तबल्यासारखी हातोडीने चढवता-उतरवता येत नाही. अनेक वाद्ये ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांना, मिळवलेली असतात आणि माझेही तसेच निघाले. मॉड्यूल मात्र कारखान्यातून ४४० वर येते. पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्यांचा ए, दोन्हीवर एकत्र वाजवली की सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. वरच्या सप्तकात तोच फरक दुप्पट होऊन चार वेळा. मी चार थर भरल्यावर सकाळी ऐकले, तेव्हा प्रत्येक लांब स्वर लंगडत होता. मॉड्यूलमध्ये ‘मास्टर ट्यून’ नावाची सोय असते. ती ४४२ वर नेणे हे दहा सेकंदांचे काम, पण ते पहिला थर भरण्यापूर्वी करायचे असते.

यात एक गंमत अशी, की ॲकॉर्डियनचे सौंदर्यही याच दोषातून येते. ज्याला म्युझेट म्हणतात त्या आवाजात एकाच स्वराच्या दोन किंवा तीन रीड मुद्दाम किंचित भिन्न मिळवलेल्या असतात; एक ४४० आणि दुसरी ४४३ असेल तर सेकंदाला तीन लहरी उठतात आणि आवाज झुलू लागतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड किंवा पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांची वाजवणी ऐकलेल्यांच्या कानात ॲकॉर्डियनचा झुलता आवाज बसलेला असतो. वाद्य आतून झुलत असताना बाहेरून मॉड्यूलने वेगळ्याच गतीने झुलवू नये, एवढेच पाहायचे. त्यासाठी मॉड्यूलशी मेळ तपासताना म्युझेटचा स्विच बंद करून एकच रीड वाजवावी.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ षड्ज, बदलण्याबाबतही असाच घोटाळा होतो. गायिकेला काळी चार हवी आणि आपली बोटे पांढरी एकवर सरावलेली, म्हणून मॉड्यूलला स्वर वर चढवायला सांगितले तर मॉड्यूल चढेल, पण रीड पांढरी एकलाच वाजत राहतील. नोंद केलेले निरोप नंतर हव्या त्या पट्टीत नेता येतात. खरे ॲकॉर्डियन मात्र शेवटी त्याच पट्टीत बसून वाजवावे लागते.

प्रत्यक्ष मुद्रणाचा क्रम मी असा ठेवतो. प्रथम हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक घेऊन संपूर्ण रचना एकदा वाजवायची आणि तेव्हा फक्त निरोपांची नोंद करायची. मिनिटाला १५० मात्रांचा दादरा असेल तर एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची होते, त्यामुळे दहा-वीस मिलिसेकंदांचे पुढेमागे होणे मानवी वाटते, साठ-सत्तरचे मात्र चुकल्यासारखे वाटते. संगणक सगळे स्वर ओढून मात्रेच्या रेषेवर बसवू शकतो, परंतु हा मोह उजव्या हाताच्या बाबतीत पूर्णपणे आवरावा. ठेक्याच्या आणि खर्जाच्या स्वरांना थोडेसे रेषेकडे सरकवावे. नोंद चांगली झाली की त्याच चालीची प्रत दुसऱ्या चॅनेलवर घेऊन ती व्हायोलिनला एक सप्तक खाली द्यायची, की पूरक अशी दुसरी ओळ नव्याने वाजवायची, हा निर्णय घ्यायचा. माझ्या मते प्रती काढून थर वाढवणे आळशीपणाचे आहे : तीन वाद्ये तंतोतंत तेच वाजवू लागली की ती तीन राहत नाहीत, एक जाड वाद्य होते. दुसरी ओळ पुन्हा वाजवली की भाताही वेगळा पडतो आणि थरांमध्ये हवा खेळते.

निरोपांची सर्व नोंद झाल्यावर मॉड्यूलचा आवाज मुद्रित करायचा. यासाठी मॉड्यूलची डावी-उजवी तार ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या लहान डब्याला जोडतात. सगळे थर एकदम मुद्रित केले तर ते एकमेकांत मिसळतात आणि मग बासरी थोडी कमी करावी म्हटले तरी करता येत नाही. म्हणून एका वेळी एकच चॅनेल सुरू ठेवून तीच रचना पुनःपुन्हा वाजू द्यायची. चार मिनिटांच्या रचनेला पाच थर असतील तर वीस मिनिटे नुसते बसून राहावे लागते. चहा तेव्हाच घ्यावा. प्रत्येक फेरीच्या आरंभी एक टक असा कोरडा आवाज ठेवला तर पुढे सगळे थर त्या टकवर जुळवता येतात. मॉड्यूलमधील घुमारा या वेळी बंद ठेवावा. पाच थरांनी पाच वेगवेगळ्या सभागृहांचे घुमारे आणले तर शेवटी चिखल होतो. सर्वांना मिळून एकच घुमारा नंतर देणे चांगले.

जागेचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी : ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) आणि २४ बिटमध्ये (प्रत्येक नमुन्याचे माप) दोन बाजूंचा आवाज मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट घेतो, म्हणजे चार मिनिटांचे पाच थर साडेतीनशे मेगाबाइटच्या आसपास जातात. त्याच पाच थरांची निरोपवही भात्याच्या सगळ्या चढउतारांसह काहीशे किलोबाइटमध्ये मावते. म्हणून ही वही कधीही पुसू नये. उद्या चांगले मॉड्यूल मिळाले तर तीच वाजवणी नव्या आवाजात पुन्हा काढता येते. संगणकावरील सॉफ्टवेअर निवडतानाही हे लक्षात ठेवावे. ऑडॅसिटी फुकट आणि सोपे आहे, पण ते आवाजाच्या कामाचे; निरोप आणि आवाज दोन्ही एकत्र सांभाळण्यासाठी रीपर किंवा आर्डरसारखे सॉफ्टवेअर लागते.

सर्वांत शेवटी खऱ्या ॲकॉर्डियनचा थर मायक्रोफोनने घ्यावा. या वाद्याचा आवाज दोन टोकांनी बाहेर पडतो, आणि डावे टोक भात्याबरोबर सतत सरकत असते. एकच मायक्रोफोन मध्यभागी ठेवला तर त्याला भात्याच्या कापडाची फुसफुस सर्वांत स्पष्ट ऐकू येते. उजव्या जाळीसमोर हातभर अंतरावर, थोडा तिरका एक आणि डाव्या बाजूला जरा अधिक अंतरावर दुसरा, अशी मांडणी मला मानवली. फार जवळ गेल्यास पट्ट्यांची खटखट येते, फार लांब गेल्यास खोलीचा घुमारा येतो. आमच्या जुन्या घराची खोली म्हणजे उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी. टाळी वाजवली की झणझण ऐकू येते. दोन गाद्या भिंतीला उभ्या टेकवल्या, खुर्चीमागे दोरीवर गोधड्या टाकल्या आणि कपड्यांचे कपाट उघडे ठेवले, तेव्हा झणझण गेली. येथे कानात पूर्ण बसणारे बंद हेडफोनच हवेत, नाहीतर टिकटिक मायक्रोफोनमध्ये शिरते.

वेळही पाहावी लागते. इंदूरची स्वच्छता देशभर वाखाणली जाते, पण सकाळची कचरागाडी आपले गाणे वाजवत गल्लीत येते, आणि माझ्या दोन चांगल्या मुद्रणांत ते गाणे कायमचे बसले आहे. आता मी रात्री अकरानंतर बसतो. मे महिन्यात पंखा बंद करून वाजवणे ही तपश्चर्याच. एक सूचना उन्हाळ्यासाठीच : रीड मेणाने चिकटवलेल्या असतात, म्हणून वाद्य बंद मोटारीत किंवा गच्चीखालच्या तापलेल्या माळ्यावर ठेवू नये. मेण मऊ झाले की रीड सुटते.

मुद्रणात घूं असा सलग आवाज आला तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटींचा असतो. पहिली परीक्षा म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढून पाहणे. घूं थांबले तर दोष अर्थिंगच्या दोन वाटांत आहे असे समजावे आणि सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला मला एका दुकानात मिळाला होता. तो जिवाशी खेळ आहे, चुकूनही मानू नये. मिडीची जुनी पाच पिनांची तार येथे उपयोगी पडते, कारण तिच्यातील निरोप घेणाऱ्या बाजूला प्रकाशाच्या साहाय्याने जातात आणि विजेचा थेट संबंध राहत नाही. मॉड्यूलच्या आवाजासाठी तीन भागांच्या पिनेची बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची घूं कमी पकडणारी, केबल घ्यावी. इंदूरच्या जेल रोडवरील दुकानांत मागताना ‘स्टिरिओ पिन’ एवढेच म्हटले तर हेडफोनची लांब तार हातात पडते, हा अनुभव आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये, कारण साध्या इन्व्हर्टरची किरकिर प्रत्येक थरात उतरते.

आणखी एक लहान विलंब जाणून घ्यावा. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. २५६ नमुन्यांचा तुकडा ४८ किलोहर्ट्झला पाच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १.८ मीटर जातो. म्हणजे स्पीकर तेवढ्या अंतरावर ठेवल्याइतकाच हा उशीर आहे, त्याने वाजवणे बिघडत नाही. तुकडा १०२४ नमुन्यांचा झाला की वीस मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो आणि बोटे अडखळू लागतात.

सगळे थर जमल्यावर मिश्रणात पहिला प्रश्न गर्दीचा येतो. ॲकॉर्डियन, व्हायोलिन आणि गिटार हे तिघेही मधल्या पट्ट्यात जागा मागतात. मी व्हायोलिनच्या थरातील २०० हर्ट्झखालचा भाग कापतो, कारण तेथे कॉन्ट्राबास आहे. गिटार थोडी डावीकडे आणि बासरी थोडी उजवीकडे सरकवतो. ॲकॉर्डियनला मध्यभाग देतो. त्यानंतर एक एक थर बंद करून घरातील कोणाला तरी ऐकवतो आणि काय गेले ते विचारतो. माझ्या अलीकडच्या दादऱ्यात सुरुवातीला सात थर होते. त्यांपैकी पियानो, दुसरी बासरी आणि व्हायोलिनची खालच्या सप्तकातील प्रत गेल्याचे पत्नीला कळलेच नाही, म्हणून ते तिन्ही काढून टाकले. व्हायब्राफोन बंद केल्यावर ती म्हणाली, काही गेले आहे, पण आधीपेक्षा बरे वाटते. तो थर मी आता फक्त शेवटच्या अंतऱ्यापुरता ठेवला आहे.